धुंगार

अननस थेट गॅसवर धरला, चिमट्यात,
वांगं भाजावं तसा.
कडा काळ्या पडल्या, रस ठिबकला,
बर्नर दोनदा शिंकला.
कृतीत म्हटलं होतं, ग्रिलवर भाजा.
आमच्याकडे ग्रिल आहे, पण खिडकीला.

मोहाची बाटली भूरियांनी दिलेली,
माझ्या निवृत्तीच्या दिवशी, पेपरात गुंडाळून.
"मॅडम, अलिराजपूरची आहे, सांभाळून."
दोन वर्षं ती लोणच्याच्या बरण्यांमागे
सोवळ्यात बसल्यासारखी बसून होती.
कृतीला हवी होती मेक्सिकोची कसलीशी धुरकट दारू.
सियागंजात जिरावन मिळतं,
मेक्सिको नाही मिळत.

मिरची एक. उभी चिरली, बिया काढल्या.
मग बिया परत घातल्या.

गेल्या माघात ताप आला आणि गेला,
जाताना श्रीरंगचा वास घेऊन गेला.
नाक जागेवर आहे, चष्मा अजून त्यावरच बसतो,
पण फोडणी करपली तरी
पेपरातून मान वर येत नाही.
एकदा रात्री सराफ्यात नेलं,
गराडू तळून निघत होते, वर लिंबू, वर जिरावन.
खाऊन म्हणाला, "गरम आहे."
न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा पाहून
"रंग छान होते" म्हणावं, तसं.
डॉक्टर दाणी म्हणाल्या, तिखट मात्र कळेल.
तिखटाला नाक लागत नाही,
ते दुखण्याच्या खात्यात जमा होतं.
तीस वर्षं बँकेत काढली मी.
खातं म्हटलं की मला कळतं.

पातेल्यात अननसाचा रस, शहाळ्याचं पाणी, लिंबू,
मोहाची दोन झाकणं,
भीड चेपल्यावर तिसरं.
मधोमध वाटी, वाटीत लाल कोळसा.
तूप नाही सोडलं, तवंग येतो.
चार लवंगा टाकल्या, दालचिनीची काडी.
धूर उठला तसं झाकण मारलं, वर वरवंटा ठेवला,
पिसाळलेलं मांजर टोपलीखाली दाबावं तसा.
शेजारच्या पोरवाल भाभींची गॅलरीतून हाक,
"दीदी, कुछ जल रिया है क्या?"
"हां भाभी, जला रई हूं."
त्यानंतर बराच वेळ गॅलरी गप्प होती.

मुलाने पाठवलेला प्रोजेक्टर स्टुलावर, स्टुलाखाली दोन डायऱ्या.
भिंतीवर पांढरी चादर, तिला इस्त्रीचा जुना डाग.
सिनेमात बेट होतं, माड होते,
आणि समुद्राच्या ऐन मध्यावर आमचा डाग,
नकाशात न सापडलेलं दुसरं बेट.
इंदूरला समुद्र नाही.
आहे तो हा, खिळ्यांना टांगलेला,
पंखा लावला की हलणारा.

स्टीलचे ग्लास. कडांना लिंबू फिरवून
जिरावनात उपडे केले.
पहिला घोट त्याचा.
"बाप रे."
मग थोड्या वेळाने, "अजून."
कान लाल झाले, डोळे भरले, नाक वाहू लागलं.
ते बिनकामाचं नाक
सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करत होतं.

मला लागत होता.
आधी लवंग, मग जळका अननस,
आणि अगदी तळाशी, ओलसर, मोहाचं फूल.
धूर लागतो का, मी विचारलं नाही.
त्याने सांगितलं नाही.
नायिका होडीतून पडली तेव्हा आम्ही दोघं हसलो,
खरं तर ती बुडत होती.

रात्री दीडला, अंधारातून, माझ्याकडे पाठ करून,
"कोळसा विझवलास ना?"

मी उठून बसले.
वाटी ओट्यावर, पाण्यात, कधीची गार.
सवयीने विचारलं असेल. घर लाकडी फर्निचरचं,
माणूस पहिल्यापासून भित्रा.
किंवा.

"बघते," म्हटलं,
आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता
नुसतं झाकण उचलून उभी राहिले.
पातेल्यात अजून पुष्कळ धूर होता.