परक्याचा दर

सेलूच्या दुय्यम निबंधक कचेरीत
आजोबांच्या घराचा कागद उर्दूत निघाला.
सन तेराशे चोपन्न फसली,
वर निजाम सरकारची मोहर,
कड वाळवीनं कुरतडलेली.

हफीजसाब चष्मा कपाळावर सरकवून
अक्षराला नाक लावून वाचत गेले:
पूर्वेस बाभूळ, दक्षिणेस तेल्याचा घाणा,
किंमत हाली शिक्का रुपये साडेतीनशे.
बाभूळ आता नाही. घाणा नाही.
तो रुपया कुठल्या दुकानात चालत नाही
आणि ते राज्य तर
माझे वडील रांगत होते तेव्हाच मोडलं.

कारकुनानं मान डोलावली.
"चालतंय. अस्सल हाय."

मग मी दुसरा कागद ठेवला.
हॅलिफॅक्सचा, सहा वर्षांचा, घडीसुद्धा न पडलेला.
शिक्का असा उठावाचा
की आंधळ्यालाही बोटानं कळावा.
त्या दिवशी तिथं बर्फ होतं.
साक्षीदार म्हणून घरमालकीण आली,
पेन तिचाच, चौघांत एक.

"बक्षीसपत्र कुणाच्या नावे?"
"हिच्या. इंदुमती."
"नातं?"
"बायको."

त्यानं कागद उलटा करून पाहिला,
मागं चूकदुरुस्ती असंल म्हणून.
मागं कोरं होतं.

माणूस वाईट नव्हता. आमच्यासाठी पाणी मागवलं.
"ताई, बायकोला दिलं तर दोनशेचा मुद्रांक.
परक्याला दिलं तर बाजारभावावर टक्का.
आन् तिकडं लागलेलं लग्न
इकडं लागू नाही बघा."

कुठं सुटलं मग ते?
समुद्रावर, विमानात सगळे झोपले होते तेव्हा?
का मुंबईला, पासपोर्टच्या खिडकीपाशी?
का मनमाड सोडून गाडी इकडं वळली तिथं?
मला तर कळलंच नाही.
तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं,
खांदा अवघडला होता, एवढंच आठवतं.

टक्क्याचे झाले एक लाख चार हजार.
इंदू म्हणाली, राहू दे गं, माझ्या नावावर कशाला.
भाकरी कमी पडली की
तिची आई अशीच म्हणायची,
मला भूकच नाही.

हफीजसाब अजून बसूनच होते.
"दिखाव जरा."
इंग्रजी त्यांना येत नाही. शिक्क्यावरून
नुसता अंगठा फिरवला, दोनदा.
"पूरी उमर मरेले राज के कागजां पढा मैं.
ये राज तो जिंदा है ना?"

कुणी हसलं नाही.
पंख्याखाली अर्ज फडफडत राहिले,
कुणीतरी त्यांवर पानाचा डबा ठेवला.

मी परक्याचा दर भरला.
नात्याच्या रकान्यात त्यानं आधी 'मैत्रीण' लिहिलं,
खोडलं. 'इतर' लिहिलं,
माझ्याकडं पाहिलं, तेही खोडलं,
आणि नुसती आडवी रेघ ओढली.

"खाडाखोड झाली," म्हणाला,
"दोघींची सही लागंल हितं."

पेन एकच होता, दोऱ्यानं टेबलाला बांधलेला.
आधी तिनं केली.