बावन्न इंच

कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर
बिवलकरांनी चादर काढली
तरी मला ते कपाटच वाटलं.
साडेतीन हजार, म्हणाले.
मग आमच्या चपलांकडे बघून: अडीच.

लिफ्टमध्ये मावेना.
मी, भावेश आणि टेम्पोवाला
प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा चुना घेत उतरलो.
"आडवा करू नका, आत आरसा आहे,"
कठड्यावरून ते सांगत राहिले, आम्ही दिसेनासे होईपर्यंत.

घणसोलीत रात्री गेम लावला.
लाल, हिरवा, निळा, तिघांचं पटेना:
गोलकीपर एक, हात सहा.
भावेश मेनूत शिरून पहाटेपर्यंत
रेघेवर रेघ बसवत राहिला.
जरा बाजूला सरकलं की अंधार,
म्हणून दोघं बरोबर मधोमध, मांडीला मांडी.

खालची एक पट्टी मात्र जाईना.
बोटभर, हिरवट.
शेअर बाजाराचे आकडे सरकतात ती.
रोज सव्वानऊ ते साडेतीन,
किती वर्षं, कोण जाणे.
काच विसरायला तयार नाही.

आमच्या गाड्या तिच्यावरून वळतात,
सैनिक तिच्यावर पडतात.
"यातच गेले असणार म्हाताऱ्याचे," भावेश म्हणतो.

मी रिमोट उघडून बघतो.
सेल नवे आहेत.