काठाला लाल दोरा

एकवीस वर्षं मी टॉवेल तपासते
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, ट्यूबलाइटखाली.
कापड सरकत राहतं आणि मी
डोळ्यांपेक्षा तळहातानं बघते:
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा,
तेलाचा थेंब.
म्हणून अण्णांसाठी जागा बघायला
भावांनी मलाच पाठवलं.
"तुला खोट काढायची सवयच आहे," धाकटा म्हणाला.

पहिली जागा होटगी रोडला.
काचेचं दार, फिनेलला लिंबाचा वास.
मॅनेजर बाई दाखवत गेल्या
लिफ्ट, ऑक्सिजन, गणपती, टीव्ही.
मी बघत होते टाचा,
चादरीबाहेर आलेल्या टाचा,
आणि पाण्याचा पेला हाताला लागतो
की हाताच्या चार बोटं पलीकडे आहे, ते.
एका आजोबांच्या उशाची बेल दाबली, घड्याळ बघितलं.
अकरा मिनिटं.
"चहाची वेळ आहे ना," बाई म्हणाल्या.

मग वही मागितली, कूस बदलल्याची.
डावी, पाठ, उजवी. डावी, पाठ, उजवी.
दर दोन तासांनी एक सही,
एकच शाई, एकच कलतं अक्षर,
रात्री दोनची सहीसुद्धा झोप झाल्यासारखी टवटवीत.
उद्या सकाळी सहाची पण
झालेली होती.
इतकं निर्दोष कापड
मी एकवीस वर्षांत बघितलं नाही.

दुसरी जागा कन्ना चौकाच्या मागं.
खाली पिठाची गिरणी, वर बारा खाटा.
न सांगता गेले, रात्री साडेनऊला.
लाइट गेलेली. मे महिना.
इरण्णा नावाचा एक पोरगा
एक्स-रेच्या पाकिटानं
दोन खाटांच्या मधे उभा राहून वारा घालत होता,
चार झपके इकडं, चार तिकडं.
भिंतीला ओल, एका खाटेखाली वीट.
मी मनात मार्क कापत गेले.

वही दिली त्यानं, मोबाइलचा उजेड धरला.
"पहाटे ४. फिरवलं नाही. एकटाच होतो.
सहा नंबरच्या काकू पडल्या.
५.१० ला फिरवलं. टाच लाल आहे.
डॉक्टरांना सांगणे."
खाली पेन्सिलनं, दुसऱ्या अक्षरात:
"सांगितलं."

अण्णा मागावर होते तेव्हा
दोष राहिला की काठाला लाल दोरा बांधायचे.
मजुरी कापली जायची, तरी बांधायचे.
शेजारचे हसायचे.
"दोरा नाही म्हणजे दोष नाही, असं नसतं गं," म्हणायचे,
"कुणी बघितलं नाही, एवढंच."
आता ते काही म्हणत नाहीत.
झटका आल्यापासून मराठी गेली,
उरली ती आईकडून आलेली तेलुगू, तीही तुटक.

सोमवारी रिक्षातून आणलं त्यांना.
जिन्यावरून चौघांनी, खुर्चीसकट.
"नीळ्ळू," ते म्हणाले, छताकडं बघत.
इरण्णा कानडी. जरा थांबला,
मग हसला, "नीरू? नीर पाहिजे?"
आणि पेला आणला,
टेबलावर नाही ठेवला, ओठाला लावला.

थोरला फोनवर विचारतो: दहापैकी किती?
सहा, म्हणाले. कदाचित साडेपाच.
आणि तू तिथंच ठेवतेस?
गिरणीचा आवाज एवढा, की
ऐकू आलं नाही असं म्हणता आलं.

इरण्णानं फॉर्म पुढं सरकवला.
नाव, वय, गोळ्या, कुणाला कळवायचं.
शेवटचा रकाना: आधीची जखम आहे का?
असल्यास कुठे, किती, कशी झाली?
पेन थांबला.
पाच महिने अण्णा माझ्या घरी होते.
माझी रात्रपाळी, नवऱ्याचा दुखरा खांदा,
आमच्याकडं वही नव्हती.
रकान्याएवढी जागा कोरी सोडली असती
तर कुणी विचारलंही नसतं.

लिहिलं:
कमरेखाली, डाव्या बाजूला.
दोन रुपयाच्या नाण्याएवढी.
माझ्या घरी झाली.

पेन निळा होता.