प्रॉम्प्टरच्या खड्ड्यातून

रंगमंचाखाली माझा खड्डा. वर लाकडी टोपण,
आत चाळीसचा दिवा, पायाशी गरम पाण्याची बाटली.
फेब्रुवारीत त्रिएस्तेवर बोरा वारा सुटला
की या नाटकघराच्या फळ्यांतून समुद्र शिट्टी घालतो.
तेवीस वर्षं मी इथून बुटांचे तळवे पाहते
आणि तेवढ्यावर माणूस ओळखते.

यंदा जुनी शोकांतिका काढलीय. पाच अंक,
लिहिणाऱ्याचं नाव वाळवीनं खाल्लेलं.
त्यातला कारभारी तिसऱ्या अंकात
मनोऱ्यातल्या खोलीची कडी बाहेरून लावतो
(आत दोन मुलं, जिन्यात आग)
आणि खाली येऊन नाशपाती सोलतो.
साल तुटू न देता.

लिविओला ते जमेना. साल जमली, माणूस जमेना.
आधी बंदरात क्रेन चालवायचा तो, त्याला धरायला काहीतरी लागतं,
वाऱ्याच्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधायचे, तसं.
म्हणून टेकडीवरच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या
डॉक्टर कोस्सुत्ताबाई आल्या,
पेन्सिल, खोडरबर, आणि गुडघ्यावर संहिता.

समासात बारीक अक्षर:
दुसरा अंक, तीन दिवे जळेस्तोवर जागा. निद्रानाश?
पान चाळीस, प्रेताजवळ हिशेब करतो. पश्चात्ताप शून्य.
नाशपातीपाशी नुसतंच प्रश्नचिन्ह.
बालपणावर अख्ख्या नाटकात एकच ओळ,
‘आईनं दार उघडलं नाही’,
तिच्याभोवती तीन वेळा गोल, कागद फाटेल इतका दाबून.

‘आवाज ऐकू येतात का त्याला?’ बाईंनी विचारलं.
‘येतो की,’ लिविओ म्हणाला,
‘एका बाईचा. पायाखालून.’
सगळे हसले.
मी नाही हसले.
त्याचं प्रत्येक काळं वाक्य अर्धा श्वास आधी
माझ्या तोंडातून जातं,
आणि मी घरी जाऊन सूप पिते, गाढ झोपते.
माझ्या समासात काय लिहाल, डॉक्टर?

रंगीत तालमीला टेकडीवरची मंडळी आली.
तिथलं फाटक कधीचंच काढून टाकलंय,
तरी एजिदिओ अजून बिजागऱ्यांच्या जागी थांबतो,
न दिसणारं काहीतरी ढकलतो, मग बाहेर पडतो.
काखेत सेल नसलेला रेडिओ. त्याच्याशी बोलणं चालू.
तिसरा अंक संपला. तो उभा राहिला.

‘हा आमच्यातला नाही.’

कुणीतरी हळूच बाही ओढली. बसला नाही.
‘आग लावायच्या आधी यानं घड्याळ पाहिलं.
मला आग लागल्यावरही कळत नाही
बाहेर लागलीय की आत.
मी ओरडतो. सगळ्या कड्या काढत सुटतो,
शेजाऱ्यांच्यासुद्धा. त्यासाठी मला दोनदा बांधलंय.
याला आमचं वेड पांघरायला देऊ नका.
आहे एवढंच,
आम्हालाच पुरत नाही.’

मग रेडिओला म्हणाला, ‘झालं, चल.’

डॉक्टरबाई रात्री उशिरापर्यंत पहिल्या रांगेत
खोडत बसल्या. रबराचा भुगा
माझ्या टोपणावर पडत राहिला, कोरडा, राखाडी.
निद्रानाश गेला. हिशेब गेला. नाशपातीही.
तीन गोल मात्र निघेनात.
त्यांनी बोट फिरवून पाहिलं, आणि चष्मा काढला.

पहिल्या प्रयोगाला, ऐन कडीपाशी, लिविओ वाक्य विसरला.
वाक्य दोन शब्दांचं: ‘असू दे.’
समोर पानावर, दिव्याखाली, स्वच्छ.
मी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.
वर त्याचे बूट. तेवीस वर्षांत पहिल्यांदा
त्या भूमिकेच्या बुटांची टोकं
दाराकडे वळलेली पाहिली.
एक श्वास. दुसरा. कुणी खोकलं.
मग मी वाक्य दिलं. पगार त्याचाच आहे.

मुलं रोजच्यासारखी जळाली. टाळ्या बऱ्या पडल्या.
रंग पुसताना त्यानं विचारलं, ‘थांबलीस का गं?’
म्हटलं, वारा होता,
ऐकू आलं नसतं.