रिस्पेक्टिव्हली

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
जिना इतका अरुंद की उतरणारा आधी,
मग आपण.
सातच्या बॅचला आम्ही नऊ जणी
आणि रिटायर्ड पोस्टमन तुमडाम काका,
ज्यांच्या नातवाला मराठी समजत नाही.
कूलर अधूनमधून फळ्यावर पाणी उडवतो.

जिचकार मॅडमनी लिहिलं, रिस्पेक्टिव्हली.
मी हात वर केला, सहा महिन्यांत पहिल्यांदा.
म्हटलं, हा येतो मला.
आदरानं. मानानं.
हा शब्द आमच्या घरी आहे.

घरी म्हणजे कपाटात, लग्नाच्या शालूखाली,
बाबांच्या मृत्युपत्रात.
कोर्टासमोर लिंबाखाली बसणाऱ्या टायपिस्टनं
पानाला साठ रुपये घेऊन केलेलं.
चौथी ओळ:
माझा मुलगा देवानंद आणि माझी मुलगी चंद्रकला यांना
हुडकेश्वरचा प्लॉट आणि शिलाई मशीन,
आणि मग तो शब्द,
कागद संपला म्हणून मधेच तोडलेला.
वर रिस्पेक्ट, एक छोटी रेघ,
खाली उरलेलं शेपूट.

वरचा अर्धा मला कळत होता.
बारा वर्षं मी तेवढाच वाचला.
भाऊबीजेला देवानंदच्या नव्या घरी
ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी उभी राहून
मनात म्हणायची,
प्लॉट त्याला, असू दे.
मला बाबांनी मानानं दिलं.
लिहून दिलं. इंग्रजीत.

मॅडम हसल्या नाहीत. चांगल्या आहेत.
म्हणाल्या, तो रिस्पेक्टफुली. हा वेगळा.
हा म्हणजे अनुक्रमे.
पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं.
तुमडाम काका लगेच म्हणाले,
"म्हणजे सॉर्टिंगच हो. ज्याचं पाकीट त्याच्या खान्यात."
"करेक्ट," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे या शब्दात आदर नाहीच.
नुसती रांग आहे.
आणि रांगेत दुसरी मी,
त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी,
जिनं त्याला कडेवर मारून
चक्कीवरून दळण आणलं.

दोन नावं फक्त इकडची तिकडे झाली असती
तर प्लॉट माझा,
आणि देवानंद बसला असता रात्री अकरापर्यंत
पाटणकरीणबाईंच्या ब्लाउजांना काज करत.
टायपिस्टला काय,
तेवढीच अक्षरं, तेवढेच साठ रुपये.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं.
त्या लिंबाखाली काय सांगितलं असेल त्यांनी?
"पोराले प्लॉट लिवा. पोरीले मशीन लिवा."
आणि मग थोडं थांबून, बिडी विझवून,
"जरा मानानं लिवा बाप्पा, तिले वाईट नको वाटाले"?
हे मी आता रचून राहिली.
टायपिस्ट गेला. लिंबही गेला,
रस्ता रुंद करताना.

आणि मशीन तर आईची होती.
तिच्या माहेराहून आलेली,
चाकावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं.
ती बाबांनी दिली कशी,
हे मला आज सुचलं,
शेअर ऑटोत, मेडिकल चौकाच्या सिग्नलवर,
दोघींच्या मधे दाबून बसलेली असताना.

होमवर्क: पाच वाक्यांत उपयोग करा.
चार पुस्तकातली उतरवली,
देश आणि राजधान्या, खेळाडू आणि त्यांचे नंबर.
पाचवं रात्री लिहिलं,
मशीनच्या फळीवर वही ठेवून:
माझी आई आणि माझे बाबा यांनी
अनुक्रमे मशीन चालवली
आणि मशीन दिली.

मॅडमनी लाल पेनानं
फक्त मशीनचं स्पेलिंग सुधारलं.
आई आधी लिहिली होती,
तिला हात लावला नाही.

मागून तुमडाम काका म्हणाले,
"वही द्या जरा, ताई.
माझी चारच झाली."