मोडीत

तीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून
विजेचे मीटर वाचले.
त्यामुळे रविवारी बर्तन बाजारात
गेंदालाल कसेऱ्याच्या ढिगापुढे उकिडवा बसतो तेव्हा
गुडघ्यांना नवीन काही वाटत नाही.
विजेरीही तीच आहे.

आधी नाण्यांचा नाद होता.
राजवाड्यामागच्या पथारीवर एकानं मला
होळकरी रुपया दिला, सूर्याच्या तोंडाचा,
मातकट, कडेला झिजलेला,
अगदी मला हवा होता तितकाच झिजलेला.
मागाहून कळलं: आठ दिवस चिंचेच्या पाण्यात,
मग एक चौमासा गोठ्यातल्या ओल्या मातीत,
दोनशे वर्षं तेवढ्यात होतात.
तो सूर्य अजून टेबलावर आहे. हसतो.

भांडी खोटी नसतात.
सहाशे रुपये किलोसाठी कोण कशाला
कुणाची मावशी बनावट कोरेल?

"भिया, ये गं. भा. कौन-सा गाँव है?"
गेंदालालला दर चौथ्या भांड्यावर ते गाव लागतं.
म्हटलं, गाव नाही. बाईचा नवरा वारला
की तिच्या नावाआधी गंगा येते आणि भागीरथी.
"दो-दो नदियाँ!" तो म्हणाला,
आणि पातेलं तराजूत टाकलं.

चि. मालूस मामांकडून.
बारशाला. मुंजीत. डोहाळजेवणाला,
कचेरीतील मंडळींकडून (मंडळीतला 'ड' उलटा).
संध्याकाळी टेम्पो येतो, भट्टी शहराबाहेर आहे.
त्याआधी जमतील तेवढी नावं मी वाचून घेतो.
मोठ्यानं. उगाच.

तांब्या तळाशी होता. गळ्यावर काही नाही.
बुडाला हिरवट कीट, आणि किटाखाली
बोटाला लागेल अशी खरखर.
आमच्या नादाचं हत्यार म्हणजे रांगोळीची पुडी:
चिमूटभर चोळायची, फुंकर मारायची,
विजेरी आडवी धरायची.
टिंबं वर आली.
मोडी.

मोडी मी साठीनंतर शिकलो, वाचनालयाच्या माळ्यावर,
आम्ही सहा म्हातारे आणि बी. कॉम.ची एक मुलगी.
मोडीत निघालेल्यावर मोडीत लिहिलेलं
वाचायची वेळ येईल असं गुरुजी बोलले नव्हते.

वेणू. शके अठराशे चौतीस.
आपले पैशाने
(इथे पोचा होता, पुन्हा चोळलं)
आपणास.

मी परत वाचलं.
देणारी तीच, घेणारी तीच. प्रसंग नाही.
सौ. नाही, गं. भा. नाही, कुणाची कोम नाही.
कासारानं विचारलं असेल ना, बाई, पुढे काय घालू?
कसले पैसे? पापडाचे, शिवणाचे, सुईणपणाचे?
मला ठाऊक नाही. मी मीटर वाचणारा माणूस,
आत काय जळतं ते आकड्यावरून कळत नाही.

सातशे चाळीस ग्रॅम.
चारशे चव्वेचाळीस. गेंदालालनं वरचे चार सोडले.

आमच्यात एक नियम आहे: घासायचं नाही.
जुन्याचा रंग हाच त्याचा दाखला.
दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात
कुमुदिनीनं चिंच लावून तांब्या घासला.
शंभर वर्षं मोरीतून गेली.
तिकडे चिंचेनं नवं जुनं होतं, इकडे उलटं;
मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता
बुडाची टिंबं पाहिली,
रांगोळीशिवाय लख्ख.

नोंदवहीत रकाने आखलेले असतात.
वस्तू: तांब्या, पितळी. कुठे मिळाली, किती पडले,
पोचे किती. शेवटचा रकाना: मालक.
इतर पानांवर तिथे मी माझं नाव घालतो, झोकात.
या पानावर पेन धरून बसलोय.

कुमुदिनी त्यातच पाणी भरून पितेय.
विचारलं, चव कशी आहे?
म्हणाली, पाण्यासारखी.