उशिरा उघडणारं

सोहार बंदराच्या मागे, खाद्याच्या कारखान्यात
माझ्या नावाची पाटी नाही, वास आहे.
खवट. कपाटात विसरलेल्या लोण्याचा,
वर थोडी ओकारी, खाली ओला मोजा.
कंपनीच्या बसमध्ये मी चढलो की
मोफिझुल खिडकी उघडतो, शेहेचाळीस अंशांतसुद्धा,
आणि खिमानंद म्हणतो, आले ब्युटिरेटसाहेब.
साहेब कसला. उदगीरचा पशुधन पदविकावाला मी.
टनाला पाऊण किलो टाकायचं, एवढीच माझी सही.

पांढरे दाणे, साबुदाण्याहून बारीक.
आत ते आम्ल, मीठ करून गप्प बसवलेलं,
वर पामच्या चरबीचा अंगरखा.
चोचीत उघडायचं नाही.
पेषणीत खड्यांखाली आलं तरी शक्यतो नाही.
पार पुढे, आतड्याच्या शेवटच्या वळणांवर,
जिथे अस्तर झिजलेलं असतं, तिथे पोचून
हळूच मोकळं व्हायचं.
अस्तराच्या पेशी म्हणे हेच जाळून जगतात.
म्हणजे बघा, आतड्यालाही पोट असतं.

नासिर अल-मामरीच्या टेबलावर ह्याचीच डबी आहे,
माणसांसाठीची. साठ कॅप्सूल, पाच रियाल आठशे बैसा.
त्याचं पोट कशानं बिघडलं कोण जाणे.
माझंही बिघडलंय. पण मी चण्याच्या डब्यावर
आणि खुब्जवर भागवतो,
आणि हातमोज्याला चिकटलेलं
कधी चाटून पाहिलेलं नाही.
एकदा पाहिलं. साबणासारखं लागतं.

वैजंताला सात वर्षं फोनवर सांगतो: बरं आहे.
पगार अडला, बरं आहे.
मिक्सरच्या झाकणात नख काळं झालं, बरं आहे.
तिच्याही कानात ते उघडत नाही,
भाकरी थापतानाही नाही.
पहाटे म्हशीखाली बसल्यावर कधीतरी विरघळत असावं,
कारण मग दुपारी तिचा मिस्ड कॉल येतो.
एकच रिंग.
तो उचलायचा नसतो.

जुलैत एक कंटेनर धक्क्यावर अकरा दिवस अडकला.
कुठल्याशा कागदावर एक शिक्का कमी.
दार उघडलं तर गोण्यांना घाम फुटलेला,
अंगरखे वितळून दाण्याला दाणा चिकटलेला,
आणि जे आतड्यात जाऊन बोलायचं
ते सगळं उन्हातच बोलून बसलेलं.
क्रेनवाला खाली उतरून ओकला.
नासिरनं लिहिलं, नाकारलं. अठरा टन.
मी गोणी-गोणीवर लाल फुली मारत गेलो,
मास्क न लावता,
मास्कमध्ये कोंडलेला वास जास्त वाईट.

त्या रात्री ती म्हणाली, कसं आहे?
आणि मी म्हणालो, वास मारतोय मला.
मग थांबताच येईना.
बस, खिडकी, नख, रोज झिजणारी साबणाची वडी,
दिवाळीला येईन म्हटलेलं ते खोटं,
शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री उशी पायथ्याला घेतो ते.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग ती म्हणाली,
"लोणी जास्त दिवस राहिलं की येतो, तसला का?"
तसलाच. तेच असतं त्यात.
"मग त्यात काय एवढं. कढवलं की जातो."

फोन ठेवता ठेवता पुन्हा,
"पण कोंबड्यांना उतार पडला का?"
पडला, म्हणालो. हगवण थांबली,
चाळीस ग्रॅम वर भरतात आता.
"बरं आहे," ती म्हणाली.

सकाळी बसमध्ये मोफिझुलनं खिडकी उघडली.
बाहेर फलजच्या रस्त्याला धूळ,
आणि तिचं ते बरं आहे
माझ्यात अजून खाली खाली
उतरतच होतं.